लिननच्या खोलीतली तालीम

परळच्या एका मोठ्या इस्पितळात स्टाफ नर्स म्हणून मला चार वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी एका मुलीला भरल्या वॉर्डात रडवलं.

पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. शहरात आज मोर्चा, उद्या हरताळ. कधी लाठीमार व्हायचा, कधी गोळी चालायची, आणि मग आमच्याकडे खाटा पुरायच्या नाहीत. दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून माणसं झोपवावी लागत. चालताना कुणाच्या हातावर पाय पडेल की काय अशी भीती वाटायची. त्या गर्दीत मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन फिरत होते आणि मदतीला एक प्रोबेशनर होती, शिकाऊ नर्स. तिला येऊन जेमतेम दीड महिना झाला होता.

ती वरळीच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकायची, वडिलांची होडी होती. मॅट्रिक होऊन नर्सिंगला आलेली त्यांच्या गल्लीतली पहिलीच मुलगी. अंगानं दणकट, कामाला वाघ. आवाज मात्र असा, की वॉर्डाच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाचा झोपलेला पेशंट जागा व्हावा. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर तिला आल्या दिवसापासून टोचत होत्या. "हळू! हा मासळीबाजार नव्हे." "हात धुतलेस का नीट? वास येतोय." वास वगैरे काही येत नव्हता. मी स्वतः तिच्या शेजारी उभी असायचे, मला माहीत होतं. पण सिस्टर असं बोलल्या की बाकीच्या हसायच्या, आणि मीही हसायचे.

त्या सकाळी मी तिला उकळून ठेवलेला चिमटा द्यायला सांगितला. तिनं गडबडीत तो भलत्याच टोकाकडून धरला आणि तसाच स्वच्छ ट्रेमध्ये ठेवला. सगळा ट्रे पुन्हा उकळायला टाकणं आलं. अजून अठरा ड्रेसिंगं बाकी होती. माझं डोकं फिरलं.

"डोकं कोळीवाड्यात ठेवून येतेस का गं रोज?" मी ओरडले.

आजूबाजूचे पाच-सात पेशंट खो खो हसले. तिचा चेहरा लाल झाला, डोळे भरले. तिनं ट्रे उचलला आणि ती स्टरलायझरच्या दिशेनं निघून गेली. बराच वेळ झाला तरी परत आली नाही.

मी समोरच्या खाटेवरच्या माणसाचं बँडेज सोडायला घेतलं. तो लालबागचा गिरणी कामगार होता, मूळचा मालवणकडचा, पन्नाशीतला. साच्यात, म्हणजे गिरणीतल्या यंत्रात, सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. सगळे हसले तेव्हा हा हसला नव्हता. मी बोळ्यानं जखम पुसत असताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, आमचो जॉबर, खात्यातलो मुकादम, असोच बोलायचो."

मी नवा बोळा घेतला.

"हात गेलो त्या दिवशी तो माझ्या पाठीमागे उभो रवान शिव्या घालीत होतो. माझा ध्यान साच्यात नाय होता. तेच्या तोंडाकडे होता."

एवढंच बोलून त्यानं मान भिंतीकडे वळवली. तो मला टोमणा मारत नव्हता. आपल्या हाताचं काय झालं ते सांगत होता, एवढंच. मला मात्र त्या बँडेजची गाठ दोनदा बांधावी लागली.

काम आटोपल्यावर मी तिला शोधायला गेले. ती लिननच्या खोलीत सापडली. चादरी, खाटेवर आडवी घालायची ड्रॉशीटं, पेशंटांचे कपडे ठेवायची ती अरुंद खोली. एकच खिडकी, तीही गिरणीच्या भोंग्याकडे उघडणारी. दोन कपाटांच्या मधे, चादरींच्या गठ्ठ्यावर ती बसली होती. रडून झालं होतं. शेजारी तिचं बोचकं होतं, हॉस्टेलवर जाऊन ते ती घेऊन आली होती.

"हे काय?"

"चालले. घरी."

"एवढ्यावरून?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. एरवी ती आमच्याशी शाळेतलं मराठी बोलायची. त्या वेळी घरचं बोलणं तोंडात आलं. "शिव्यांचं मना काय नाय, ताई. आमच्या बाजारात सकालपासून शिव्याच. पण तिथं मी उलट देते ना! एक दिली तर दोन देते, मग आम्ही दोघी बसून चहा पितो. इथं नुसतं उभं राहायचं. मग मना कामच सुचत नाय. काल सिस्टर बोलल्या, त्यानंतर मी एका पेशंटला दुसऱ्याचं औषध द्यायला निघालेली. तोच म्हणाला, बाई माझी बाटली ती नव्हं. म्हणून वाचलं. आता कुणाचा जीव घेऊन जाऊ काय घरी?"

मी तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. माझ्या हुद्द्याच्या बाईनं प्रोबेशनरसमोर बसायचं नसतं.

"सकाळी मी जे बोलले ते चुकलं माझं," मी म्हणाले. "ट्रे खराब झाला हे सांगायला हवं होतं. कोळीवाड्याचं काढायला नको होतं."

तिला काय करावं ते कळेना. ती घाईघाईनं उठून उभी राहिली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "नको हो ताई, असं नको." वरच्या बाईनं धाकटीची माफी मागायची हे तिनं पाहिलं नव्हतं. खरं तर मीही पाहिलं नव्हतं.

मी स्वतः प्रोबेशनर होऊन आले तेव्हा काय झालं होतं ते मी विसरले होते असं नाही. मी गिरगावातल्या फणसवाडीतली. वडील फोर्टात एका कचेरीत हेडक्लार्क. मुलगी नर्स होणार म्हटल्यावर नातेवाइकांनी आमच्याकडचं येणं-जाणं कमी केलं होतं. घरात कुरकुर आणि इस्पितळात छळ. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या स्टाफ नर्सनं मी घातलेलं अंथरूण तीनदा ओढून जमिनीवर टाकलं. "फणसवाडीत अंथरुणं घालत नाहीत का? नोकर असतील!" चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते तिनं दाखवलं नाही. तो मी चौथ्या दिवशी एका आयाकडून शिकले. त्या वर्षी मी न्हाणीघरात नळ सोडून किती वेळा रडले असेन! कुणी विचारायला आलं नाही. मग मी एक शिकले, की तोंड मिटून दिवस काढायचे, म्हणजे एक दिवस आपणही वरच्या होतो.

तशी मी झाले होते. या प्रसंगाच्या आधीच्याच सुटीत आई मला म्हणाली होती, "अगं, धाकट्या भावाशी बोलतेस की वॉर्डातल्या आयाशी? हल्ली तुझ्या तोंडातून सरळ वाक्य येत नाही." तेव्हा मला तिचा राग आला होता.

मी त्या मुलीला म्हटलं, "बोचकं आठ दिवस इथंच कपाटात ठेव. तोवर आपण एक करून बघू. आठ दिवसांनी जावंसं वाटलं तर मी स्वतः तुला वरळीला पोचवीन."

"काय करायचं?"

"बोलायला शिकायचं. उलट नाही. सरळ."

दुपारी एक ते दोन सिस्टर जेवायला जात. वॉर्डात जरा शांतता असे, आणि धुवून आलेल्या चादरींच्या घड्या घालायचं काम प्रोबेशनरांकडे असे. तीच वेळ आम्ही धरली. पहिल्या दिवशी ती आणि दादरची एक मुलगी, दोघीच होत्या. दादरची मुलगी शिक्षकाच्या घरातली, हुशार, पण आवाज इतका लहान की तिचं नाव विचारलं तरी दोनदा विचारावं लागे. कुणी रागावलं की ती दगड व्हायची.

मी कमरेवर हात ठेवले आणि सिस्टरांचा आवाज काढून ओरडले, "काय गं ए, हात आहेत की लाकडं?"

वरळीची मुलगी क्षणात उत्तरली, "मग तुमीच करा की!"

दादरची मुलगी चादरीत तोंड खुपसून हसायला लागली. मीही हसले.

"हे बोललीस तर उद्याच बोचकं काढावं लागेल," मी म्हटलं. "पुन्हा."

"माझे हात लाकडं, मग तुमची जीभ काय?"

"पुन्हा."

दुसऱ्या दिवशी कुठे सूर सापडायला लागला. आम्ही बसून विचार केला, की आपल्याला नेमकं हवं काय? सिस्टरना हरवायचं नव्हतं. काम शिकायचं होतं, पेशंटचं नुकसान होऊ द्यायचं नव्हतं, आणि चारचौघांत अब्रू जायला नको होती. हे सगळं एका दमात बोलता येईल एवढ्या लहान वाक्यात बसवायचं होतं. घासून घासून ते असं झालं: "सिस्टर, माझं चुकलं. मला बाजूला घेऊन सांगा, म्हणजे नीट कळेल."

"आणि चूक माझी नसली तर?" तिनं विचारलं.

"तर पहिलं वाक्य गाळायचं."

हे बोलताना आवाज खाली ठेवायचा. नजर वर. हातातलं काम सोडायचं नाही, कारण काम सोडलं की समोरचीला दुसरं निमित्त मिळतं. कापसाच्या पुड्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून तिनं त्यावर ते वाक्य लिहिलं आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं. राग आला की खिशावर हात ठेवायची, म्हणायची, "हाताला कलतं कुठं आहे ते."

हळूहळू आणखी तिघीजणी यायला लागल्या. एक जण सिस्टर व्हायची, एक जण चिडका सर्जन, एक जण चूक करणारी नर्स. सर्जनची नक्कल करणारीनं एकदा खरोखरच ट्रे भिरकावला आणि आम्हाला धावत जाऊन वॉर्डात काही नाही, काही नाही असं सांगावं लागलं. दादरच्या मुलीला ते लांब वाक्य जमेना. तिच्यासाठी आम्ही लहान केलं, नुसतं "सिस्टर, पुन्हा सांगा." तेही ती पाचव्या दिवशी म्हणाली, आणि म्हटल्यावर आपल्याच आवाजाला दचकली. त्यातूनच आम्ही आणखी एक ठरवलं. एकीवर कुणी ओरडायला लागलं, की जी जवळ असेल तिनं काहीतरी हातात घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही.

आठ दिवस होऊन गेले. बोचक्याची आठवण तिनं काढली नाही, मीही काढली नाही.

मग एका सकाळी शहरात पुन्हा गोळी चालली. अकरा वाजेपर्यंत वॉर्ड भरून व्हरांड्यातही माणसं झोपवली होती. कुणाच्या मांडीत गोळी, कुणाचं डोकं फुटलेलं. शुद्धीवर होते ते घोषणा देत होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक म्हातारा त्यांना साथ देत होता. सिस्टर पहाटेपासून उभ्या होत्या, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता त्यांनी. वरळीची मुलगी एका जखमी माणसाच्या सलाइनची बाटली धरून उभी होती. नळीत हवा शिरली आणि थेंब पडायचे थांबले. सिस्टरांचं लक्ष तिथंच गेलं.

"मूर्ख! मारतेस का त्याला? कुठून कुठून येतात, मासे साफ करायचे सोडून—"

मी चार खाटा पलीकडे होते. मी पाहिलं, तिचा एक हात खिशाकडे गेला. दुसऱ्या हातातली बाटली तिनं हलू दिली नाही. आणि मग मी त्या मुलीचा इतका खालचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"सिस्टर, हवा कशी काढायची ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आता दाखवा. बाकीचं बाजूला घेऊन बोला, मी ऐकेन."

हे आमच्या तालमीतलं वाक्य नव्हतं. त्याहून चांगलं होतं. मी हातात एक किडनी ट्रे घेतला आणि जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. दादरची मुलगीही आली, कापसाचा डबा घेऊन.

सिस्टर आम्हा तिघींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाटली आपल्या हातात घेतली, नळीला चिमटा लावला, टिचक्या मारून हवा वर आणली, थेंब सुरू केले. "अशी," त्या म्हणाल्या. "बघितलंस?" "बघितलं, सिस्टर." त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

संध्याकाळी मला त्यांच्या टेबलाशी बोलावणं आलं.

"हे तू शिकवलंस त्यांना?"

"हो."

"लिननच्या खोलीत काय चालतं ते मला कळत नाही असं वाटलं का तुला?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या खूप दमलेल्या दिसत होत्या. "मी शिकत होते तेव्हा आमच्या मेमसाहेबांनी वर्षभर मला नावानं हाक मारली नाही. बोट दाखवायच्या, यू म्हणायच्या. एकदा गरम पाण्याचं भांडं माझ्या पायावर पडलं, तर त्यांनी आधी भांड्याला पोचा आला का ते बघितलं. मी टिकले ना?"

"टिकलात, सिस्टर," मी म्हणाले. "तुमच्या बरोबरच्या किती जणी टिकल्या?"

हे मी विचारायला नको होतं असं मला लगेच वाटलं. त्या बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. नावं आठवत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, "एक होती, माझ्याहून चांगली होती. ती गेली." मग चष्मा घातला. "जा आता. ड्युटी संपली ना तुझी?"

या बोलण्यानंतर सिस्टर बदलल्या असं लिहायला मला आवडलं असतं. झालं असं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याविरुद्ध इस्पितळाच्या मेट्रनकडे चिठ्ठी पाठवली. वॉर्डाच्या शिस्तीत ढवळाढवळ करते म्हणून. पंधरा दिवसांत माझी बदली लहान मुलांच्या वॉर्डात झाली. तिथून मला कळत राहिलं, की सिस्टर आता एखादीला झापायचं असलं की तिला घेऊन लिननच्या खोलीत जातात. आवाज बाहेरपर्यंत यायचा म्हणे. तरी आत नेऊन, दार लोटून. आणि ओरडून झालं की काम हातानं करून दाखवायच्या. तालीम बंद पडली नाही, फक्त वेळ बदलली. वरळीची मुलगी आता तालमीत सिस्टरची भूमिका करायची, आणि नव्या मुली सांगायच्या की ती खऱ्या सिस्टरांपेक्षा भयंकर ओरडते.

दादरची मुलगी मात्र गेली. दिवाळीनंतर घरी गेली ती आलीच नाही. मी सुटीच्या दिवशी तिच्याकडे गेले, दादरला गल्लीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. तिनं मला चहा करून दिला, पोहे दिले, आणि म्हणाली, "तुम्ही खूप केलंत, ताई. पण मला रोज सकाळी उठल्यावर आधी पोटात दुखायचं, मग आठवायचं की आज ड्युटी आहे. आता दुखत नाही." मी आग्रह करायला म्हणून गेले होते. तो केला नाही. काही माणसांसाठी वाक्य पुरत नाही, आणि ती चूक त्या माणसांची नसते. हे कळायला मला ते पोहे संपेपर्यंतचा वेळ लागला.

पुढे काही वर्षांनी महाराष्ट्राचं राज्य झालं त्या आठवड्यात वरळीच्या मुलीनं मला घरी जेवायला बोलावलं. ती स्टाफ नर्स झाली होती. कोळीवाड्यात होड्यांना पताका लावल्या होत्या, दारादारात रांगोळ्या होत्या. तिच्या आईनं मला दारातच धरलं. भरदार बाई, हातात हिरव्या बांगड्या.

"तूच काय गो ती? माझ्या पोरीला काय केलास? बाजारात माझ्याबरोबर बसली तर इतकी हलू बोलते, गिऱ्हाईक इचारतं, पोर आजारी हाय काय?"

मुलगी आतून ओरडली, "आये, त्यांना आधी बसू दे!" तो आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला असेल. मला बरं वाटलं.

पापलेट, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकरी. नको नको म्हणेपर्यंत ताटात आणखी एक तुकडी येऊन पडायची. जेवताना तिनं सांगितलं की तिला कुठला वॉर्ड हवा ते मेट्रननी विचारलं होतं.

"मग?"

"तोच मागितला. सिस्टरांचा."

मी घास खाली ठेवला. "वेडी आहेस का? बाकीचे सगळे वॉर्ड सोडून तोच?"

"ताई, त्यांच्यासारखं ड्रेसिंग अख्ख्या इस्पितळात कुणाला येतं का सांगा. जखम बघून सांगतात, ही उद्या बिघडणार. आणि बिघडते. दोन वर्षांनी त्या रिटायर होतील. मग ते कुणाकडून शिकू?" तिनं माझ्या ताटात कालवण वाढलं. "बोलण्याचं मी बघून घेईन. आणि या वर्षी नव्या सात जणी येणार आहेत. त्यांना त्यांच्यासमोर एकटं कसं टाकू?"

तिची आई मधेच म्हणाली, "त्या सिस्टरला पण आणायची व्हती जेवायला."

"बोलावलं होतं," मुलगी म्हणाली. "येत नाही म्हणाल्या. पण बाजूला घेऊन म्हणाल्या."